बोट तिसऱ्या ओळीवर, आवाज पाचव्या

दिवाळीच्या सुट्टीत दुकानातून एक गोष्टीचं पुस्तक घरी आणलं. कोपरा दुमडलेला, त्यामुळे विकलं जाण्यासारखं नव्हतं. लेक दुसरीत आहे. म्हटलं, वाच जरा.

तिनं आधी ऐटीत शाळेचं पुस्तक काढलं आणि अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवला. बायको पोळ्या लाटता लाटता खूश. मी सहज डोकावलो, तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि आवाज पाचव्या. मग गोष्टीचं पुस्तक पुढं केलं. पहिलंच वाक्य, ‘कावळ्याला खूप तहान लागली.’ तिनं चित्र बघितलं आणि म्हणाली, ‘कावळा पाणी पितो.’ अगं, लिहिलंय ते वाच. ‘का... व...’ आणि ‘ळ्या’पाशी गाडी अडली. ‘पप्पा, हे अक्षर आम्हाला झालं नाही.’

त्या रात्री तिच्या सगळ्या वह्या काढून बसलो. अक्षर सुरेख, माझ्यापेक्षा चांगलं. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं, आणि दर पानावर लाल शाईत ‘छान’. दीड वर्ष मी ते ‘छान’ बघून वही मिटत होतो.

यात माझी जास्तच लाज अशी, की मी पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात काम करतो. चौदा वर्षं झाली. जूनमध्ये पालक शाळेची छापील यादी घेऊन रांगेत उभे असतात, सात-आठ हजारांचं बिल होतं आणि वर कव्हरं घालून मागतात. कुठल्या शाळेचं गणिताचं पुस्तक यंदा बदललं ते मला झोपेत विचारा. 2023 साली बालभारतीनं पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली आणि 2025 ला परत काढली, तेव्हा त्यावर दुकानात सगळ्यात जास्त भाषण मीच दिलं. एका बाईंनी मध्येच विचारलं, ‘तुमची मुलगी कुठं असते?’ मी म्हटलं, ‘जवळच.’ दत्तवाडीतल्या माझ्या खोलीपासून महापालिकेची शाळा पाच मिनिटांवर आहे, त्यामुळे खोटं तर बोललो नाही.

तिला तिथं घातलं ते काही तत्त्व म्हणून नाही. 2024 ला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांनी फुकट द्यायच्या पंचवीस टक्के जागांसाठी अर्ज भरायचा होता. त्याच फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला, की सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला त्या जागा द्यायची गरज नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं, कोर्टानं तो बदल रद्द केला 19 जुलैला. शाळा जूनमध्येच सुरू झालेल्या. मुलगी घरी किती दिवस बसवायची? कॉर्पोरेशनच्या शाळेत नाव घातलं, पुढं सोडतीची यादी लागली त्यात नंबरही नव्हता, विषय संपला. (पुण्यात मुलींच्या शाळेवर लिहायचं तर भिडेवाडा, म्हणजे फुल्यांनी मुलींची शाळा काढली तो वाडा, आणायची पद्धत आहे. मी रोज त्या जागेवरूनच कामाला जातो, म्हणून आणत नाही.)

सुट्टी संपल्यावर शाळेत गेलो. एका खोलीत दोन वर्ग. दुसरीची तोंडं या भिंतीकडं, तिसरीची त्या भिंतीकडं, पाठीला पाठ लावून. दोन्हीकडं फळा आणि मध्ये बाई. मी उभ्या उभ्या डोकी मोजली, एकसष्ट. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय. दुसऱ्या बाई मतदार यादीच्या कामाला गेलेल्या. शिक्षकांना शिकवण्याव्यतिरिक्त कामं देऊ नका असंही त्याच कायद्यात आहे, फक्त निवडणूक, जनगणना आणि आपत्ती सोडून. आमच्याकडं या तीनपैकी काही ना काही चालूच असतं.

मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. पण बाई म्हणाल्या, ‘तुमची मुलगी हुशार आहे, म्हणूनच मागं राहिली. गप्प बसून उतरवून घेते. माझा वेळ जातो तो जे उठून पळतात त्यांच्यात.’ वर्गात कानडी बोलणारी मुलं आहेत, हिंदी आहेत, लमाणी आहेत. बांधकाम संपलं की आईबाप हलतात आणि पटावरचं नाव नुसतं राहतं. ‘मी जोडाक्षरं कधी घ्यायची सांगा. आता निवडणूक, मग जनगणना.’ याच्यावर काय बोलणार? घरी थोडं घ्या म्हणाल्या. बरं म्हटलं.

शाळा वाईट आहे असं मला सरसकट म्हणवत नाही. संडास स्वच्छ आहेत, खिचडी लेक आवडीनं खाते, एका वर्गात मोठा डिजिटल फळा लागलाय. जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली. मार्च 2022 पासून नगरसेवकच नव्हते, त्यामुळे सगळ्याच पक्षांना आमची आठवण दाटून आली होती. एकाला विचारलं, दुसरीला स्वतंत्र शिक्षक कधी मिळेल? तो म्हणाला, ‘डिजिटल केलीय की शाळा, दादा!’ दिसतं त्याचाच हिशोब सगळे देतात. आणि विचारणारे पालक बहुतेक आधीच रिक्षा-व्हॅन लावून बाहेर पडलेत. आमच्या चाळीत ज्यांना फी परवडत नाही तेही भिशी फोडून भरतात. त्यांना नावं ठेवत नाही. नंबर लागला असता तर मीही हललोच असतो.

गंमत पुढं आहे. मुख्याध्यापकांकडं गेलो, म्हटलं तक्रार कुठं करायची? ते म्हणाले, शाळा व्यवस्थापन समितीत मांडा, तिथं पाऊण सदस्य पालकच असतात. कोण आहेत पालक? त्यांनी इतिवृत्ताचं रजिस्टर उघडलं. चौथं नाव माझं. सहीही माझीच, खोटी नाही. बूटवाटपाच्या दिवशी कामाला उशीर होत होता, पुढं केलेल्या दोन-तीन कागदांवर मी न वाचता सह्या ठोकल्या होत्या. लेकीला ‘लिहिलंय ते वाच’ म्हणणारा मीच.

सध्या रोज सकाळी पाऊण तास घेतो. बाराखडी झाली, जोडाक्षरं निम्मी. संध्याकाळी गाडीवर मागं बसून दुकानांच्या पाट्या वाचते. ‘मस्तानी’ पटकन वाचली. मला शंका आहे, कारण ते आइसक्रीमचं पेय तिनं प्यायलेलं आहे. ‘सुपारीवाले’ मात्र स्वतः जुळवून वाचलं, सिग्नल सुटायच्या आत.

समितीची बैठक शनिवारी अकराला आहे. दुसरीसाठी शिक्षक मागणारा अर्ज लिहून ठेवलाय, आणखी नऊ पालकांच्या सह्या आहेत, वाचून केलेल्या. दुकानाचे मालक, काका, यांच्याकडं सुट्टी मागितली. ते म्हणाले, ‘शनिवारी स्टॉक मोजायचाय रे. जा, पण एकपर्यंत परत ये.’