दाणोलीतला खोटा हुमला

सावंतवाडीहून आंबोलीला निघालो होतो, घाट चढायच्या आधी दाणोलीत चहाला थांबलो आणि तिथेच दोन तास गेले. टपरीच्या मागे काजूची झाडं, आणि एका फांदीवर हुमल्यांचं घरटं. हुमले म्हणजे ते लाल मुंगळे, पानं ओढून जवळ आणतात आणि स्वतःच्याच अळ्यांच्या रेशमाने शिवून टाकतात. मी जवळ जाऊन बघतोय तर टपरीवाले काका आतून ओरडले, "हात लावू नको हां, चावतले!"

हात नाही लावला. पण रांगेपासून वीतभर लांब एक हुमला एकटाच फिरत होता, चाल जरा अडखळती. चालायला सहा पाय, पुढे दोन मिशा, सगळं बरोबर, फक्त खऱ्या हुमल्याच्या मिशा डोक्यातून निघून मधे कोपरासारख्या वाकतात आणि याच्या डोक्याच्या मागून येत होत्या. म्हणजे त्या मिशा नव्हत्याच, वर धरलेले पुढचे दोन पाय होते! मग तो वळला आणि समोर दोन मोठे गोल डोळे, गाडीच्या हेडलाइटसारखे. जंपिंग स्पायडर!! किती वर्षं शोधतोय मी याला.

नाव मर्माप्लाटा प्लाटालिओइडिस, 1869 मध्ये शास्त्रात नोंदलेला. कंबर मुंगीसारखी बारीक, रंग तोच तांबूस. हुमले कडकडून चावतात, वर फॉर्मिक अ‍ॅसिड सोडतात, त्यामुळे किडे खाणारे बरेच जण त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि या कोळ्याला नुसत्या रूपाने ते संरक्षण मिळतं. तो हुमले खात नाही, उलट त्यांना टाळूनच राहतो. सोंग बाकीच्यांसाठी, खऱ्या हुमल्याच्या तावडीत सापडला तर तेच त्याला फाडतील.

आणि थोड्या वेळाने कळलं की मघाशी शेजारच्या पानावर "मेलेला भाऊबंद तोंडात धरून चाललेला हुमला" म्हणून मी ज्याचा फोटोही काढला नव्हता तो याचाच नर होता! नराचे जबडे पुढे एवढे लांब असतात, टोकाला काळा ठिपका, की अगदी मुंगी मुंगीला उचलून नेतेय असंच दिसतं. परत शोधला, मिळाला नाही, खूप वाईट वाटलं.

आधी दिसलेली ती मादी, तिचे मात्र चार फोटो मिळाले. पाचव्याला एक खरा हुमला सरळ तिच्याकडे आला, तिने क्षणभर मिशा हलवल्या आणि पुढच्या क्षणी पानावरून उडी, खाली बारीकशा धाग्याला लटकलेली. हुमला कडेपर्यंत येऊन मागे फिरला. ती धाग्यावरून परत वर चढेपर्यंत मी तिथेच उभा होतो, चहा केव्हाच गार झालेला.