आमची वाटचाल : वंशावळीपासून आंब्याच्या जाळ्यापर्यंत

रत्नागिरीत आम्ही सुरुवात केली ती डीटीपीने. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि अधूनमधून एखादा कुलवृत्तांत. मूळपुरुष वर, पिढ्या खाली. मुंबईच्या शाखेत एक मूल जन्मलं की पानभर चौकोन सरकवत बसायचं! अशी झाडासारखी आकृती आपोआप मांडायची रेनगोल्ड-टिलफर्ड यांची १९८१ची पद्धत संगणकावर चालवली आणि ते काम सुटलं. आधी प्रत्येक शाखा वेगळी मांडायची, मग एकमेकींवर चढणार नाहीत इतक्या जवळ आणायच्या, आणि बाप मुलांच्या बरोबर मध्यावर.

पुढे हीच गिऱ्हाइकं सातबारा घेऊन यायला लागली. सामाईक जमीन, वारसांची रांग, आणि प्रश्न एकच: माझा वाटा किती? वंशावळीत नातं कळतं, वाटा कळत नाही. त्यासाठी आम्ही ट्रीमॅप वापरतो, म्हणजे चौकोनाच्या पोटात चौकोन, ज्याचा जितका हिस्सा तितका त्याचा चौकोन मोठा. मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांनी १९९०मध्ये तो काढला, भरलेल्या हार्ड डिस्कवर कोणी किती जागा अडवलीय ते बघायला. आमच्याकडे आठ आणे हिस्सा म्हणजे अर्धं पान. त्यात चार भाऊ असले तर प्रत्येकाला दोन आण्यांचा चौकोन, त्याच्या पोटात त्याचे वारस. मूळ पद्धतीत लांबट पट्ट्या पडतात, नाव मावत नाही. म्हणून २०००ची, चौरसाकडे झुकणारी पद्धत घेतली. तरी लोक त्यात आपली विहीर शोधतातच. ‘हा जमिनीचा नकाशा नव्हे’ असं ठळक छापावं लागतं.

आंब्याचा हिशेब मात्र वंशावळीसारख्या झाडाच्या आकृतीत बसत नाही. एकच बागायतदार थोडा माल वाशीला धाडतो, थोडा कॅनिंगला देतो, उरलेला ओळखीत खपवतो. इथे ठिपके आणि रेषांचं जाळं: ठिपका म्हणजे बागायतदार किंवा खरेदीदार, रेषा म्हणजे त्यांच्यातला व्यवहार. ठिपके एकमेकांना ढकलतात, रेषा स्प्रिंगसारख्या ओढतात आणि गट आपोआप वेगळे पडतात. गिऱ्हाईक खूश! पण नावं वाढली की त्याचा गुंता होतो. मग मी सरळ तक्ता देतो: आडव्या ओळीत बागायतदार, उभ्या रकान्यांत खरेदीदार, व्यवहार असेल तिथला चौकोन रंगवलेला. दाट जाळं तक्त्यातच नीट वाचता येतं. माल कोणाच्या हातून कुठे गेला हा माग काढायचा असेल तर रेषा बऱ्या. ओळींचा क्रम लावण्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. एकाच व्यापाऱ्याला माल घालणारे शेजारी आले की रंगीत ठोकळे उठून दिसतात, आणि कोण एकाच आडत्यावर अवलंबून आहे ते लगेच कळतं.

ऑफिसच्या भिंतीवर लावायला सगळ्यांना जाळंच हवं असतं. वसुलीला निघताना खिशात तक्ता असतो.