तुम्ही विचारलंत म्हणून: पिस्तुलाच्या गोळीचं रिव्हॉल्वर

हिवाळ्यात भरीत पार्टीला बसलो की कोणी ना कोणी विचारतंच, नाना, तुम्ही अमेरिकेत जे रिव्हॉल्वर चालवलं त्यात म्हणे पिस्तुलाच्या गोळ्या होत्या, असं कसं काय भो? माझी सगळी नोकरी वरणगावच्या फॅक्टरीत गेली, म्हणजे काडतुसांतच, त्यामुळे लोकांना वाटतं याला सगळं माहीत असणार. तसं काही नाही. आम्ही काडतूस बनवतो, चालवतो दुसराच.

आधी बुडापासून सांगतो, कारण सगळी गंमत बुडातच आहे. रिव्हॉल्वरच्या गोळीला मागे रिम असते, खिळ्याच्या डोक्यासारखी, केसपेक्षा, म्हणजे गोळीच्या पितळी पुंगळीपेक्षा, रुंद. सिलिंडरच्या, म्हणजे रिव्हॉल्वरच्या फिरत्या नळकांड्याच्या, भोकात गोळी सोडली की ती रिमवर अडते आणि बार काढल्यावर चांदणीसारखा जो एक्स्ट्रॅक्टर असतो तो त्याच रिमला खालून उचलून रिकामी केस बाहेर ढकलतो. पिस्तुलाच्या गोळ्या मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात, तिथे रुंद रिम एकमेकींत अडकेल, म्हणून तिची रिम केसएवढीच ठेवतात आणि वर एक खाच मारतात. पॉइंट ४५ एसीपी ही पिस्तुलाची गोळी घ्या, रिम पण बारा मिलिमीटर नि अंग पण साधारण बारा मिलिमीटर. अशी गोळी रिव्हॉल्वरात घातली तर भोकाच्या आत पायरी कोरलेली असेल तरच केसचं तोंड त्यावर टेकतं नि बार निघतो, पण चांदणीला धरायला काहीच नाही, मग बसा पेन्सिलीने एकेक केस टोचून काढत.

मग हा उद्योग केला कोणी नि कशाला? तर अडचणीत सापडलेल्यांनी. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, फौजेचं ठरलेलं पिस्तूल ४५ चं एम१९११, आणि ती पुरेनात. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनकडे मोठ्या रिव्हॉल्वरचे साचे तयार होते, त्यांना सांगितलं, हेच बनवा पण गोळी आमचीच पाहिजे, दोन प्रकारच्या गोळ्या आघाडीवर कोण वागवणार. दोघांनी मिळून तीन लाखांच्या आसपास बनवली. आणि रिम नसण्यावर स्मिथ अँड वेसनने तोड काढली ती म्हणजे अर्धचंद्राच्या आकाराची पोलादी पट्टी, हाफमून क्लिप, एका पट्टीत तीन गोळ्या खाचेत अडकवायच्या, दोन पट्ट्या टाकल्या की सहा. म्हणजे ज्या गोळीला रिम नाही तिला उसनी रिम दिली. कोल्टच्या सुरुवातीच्या सिलिंडरांना तर आत पायरीच नव्हती, पट्टी नाही तर बार नाही. युद्ध संपल्यावर १९२० मध्ये पीटर्स कंपनीने याच रिव्हॉल्वरांसाठी जाड रिमवाली वेगळी गोळी काढली, ४५ ऑटो रिम, पट्टीची कटकटच नको. पण टिकली पट्टीच, पुढे अर्ध्याची पूर्ण गोल चकती झाली, सहा गोळ्यांची.

मी चालवलं ते स्मिथ अँड वेसन ६२५, टेक्सासात, लेकीकडे गेलो होतो तेव्हा. जावयाने आधी ऑनलाइन माझ्या नावाचं शिकारीचं लायसन काढलं, मी म्हटलं मला कुठं हरीण मारायचंय, तर म्हणे व्हिजिटर व्हिजावर आलेल्याला बंदूक हातात घ्यायची तर तेच लागतं. जावयाच्या मित्राने डबा उघडला, आत सहा-सहा गोळ्या चकतीत अडकवलेल्या, अगदी रावेरकडच्या केळीची फणी. मी हातात घेऊन आधी बुडावरचे शिक्केच वाचले, सवय. मग मला एक रिकामी चकती दिली, भर म्हणे. तीन भरल्या, चौथीला अंगठ्याचं नख दुखायला लागलं, ती एका अंगाने बसते नि दुसरीकडून सुटते, सहावी बसेपर्यंत पहिली हलतेय की काय असं वाटत राहतं.

पण भरलेली फणी सिलिंडरवर नुसती सोडली ना, टप्प करून सहाच्या सहा एकदम आत. आणि बार झाल्यावर दांडी दाबली की सहाही केस चकतीसकट बाहेर, एकही इकडेतिकडे नाही. शेजारचा पिस्तूलवाला वाकून वाकून केस वेचत होता आणि माझे मोजून सहा, माझ्यासारख्या आयुष्यभर केस मोजलेल्या माणसाला केवढं समाधान! स्पर्धावाल्यांना ही चकती का आवडते ते तेव्हा कळलं. जेरी मिक्युलेक नावाच्या गड्याने १९९९ मध्ये याच ६२५ ने सहा बार, परत भरून आणखी सहा, असे बारा बार २.९९ सेकंदांत काढलेत. मला बारा बारांना किती वेळ लागला ते विचारू नका.

आता खोड. उरलेली एक भरलेली चकती मी पँटच्या मागच्या खिशात टाकली नि बाकावर टेकलो. नंतर तीच घातली तर सिलिंडर फिरेना, ट्रिगर अर्ध्यात अडकला, मला वाटलं बंदूक मोडली, आता जावयाच्या मित्राला काय तोंड दाखवू. निघालं काय तर चकती जराशी वाकलेली. ती एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि सिलिंडर नि मागच्या भिंतीच्या मधल्या फटीत फिरते, किंचित वाकली तरी घासते. पिस्तुलाला मॅगझिन खराब तसं याला चकती खराब, म्हणून ती डब्यातच ठेवायची, खिशात नाही. शिकलो.

९ एमएमची पण रिव्हॉल्वरं निघतात आता, तिकडे ती गोळी स्वस्त मिळते म्हणून. हलक्या रिव्हॉल्वरात तिचा वेगळा त्रास. आपली काळीपिवळी झटक्यात सुटली की मागे लटकलेला माणूस जागेवर राहतो नि गाडी पुढे जाते, तसं बार उडाल्याच्या धक्क्याने रिव्हॉल्वर मागे येतं, चकतीत अडकलेल्या न फुटलेल्या गोळ्यांच्या केस त्याच्याबरोबर मागे येतात, पण पुढची बुलेट, म्हणजे गोळीचं उडून जाणारं टोक, जागेवर राहायला बघते. रिव्हॉल्वरच्या गोळीत केसचं तोंड बुलेटच्या खाचेत घट्ट वळवलेलं असतं, पिस्तुलाच्या गोळीला तसं चालत नाही कारण तिला तोंडावरच टेकायचं असतं. मग बुलेट सरकत सरकत सिलिंडरच्या बाहेर डोकावते नि सगळं जाम. आपल्याकडे ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेलं नळीचं माप, साध्या लायसनवर मिळतच नाही, त्यामुळे ही चिंता आपली नाही.

आपली चिंता ३२ ची, आणि खरं तर लोकांना हेच विचारायचं असतं. लायसनवर नुसतं ३२ बोअर असतं, एकाकडे कानपूरचं रिव्हॉल्वर, दुसऱ्याकडे पिस्तूल, मग गोळ्या अदलाबदल का नाही? कारण नाव एक, गोळ्या दोन. रिव्हॉल्वरची ३२ एस अँड डब्ल्यू लाँग, तिची केस तेवीस मिलिमीटर, पिस्तुलाची एसीपी, तिची सतरा. बुलेटची जाडी सारखी आणि एसीपीला किंचितशी रिम असते, म्हणून ती रिव्हॉल्वरात बसते, हाच घोळ. बसते म्हणजे चालते असं नाही. लाँगचा बार उडतानाचा दाब पंधरा हजार पीएसआयपर्यंत धरलेला, एसीपीचा वीस हजार पाचशे, आणि आपलं नेहमीचं रिव्हॉल्वर मधून बिजागरीवर मोडून उघडणारं, जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्वरच्या धाटणीचं. घालू नका.

मागच्या पार्टीत एकाने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला नि म्हणाला, मग दुकानवाल्याने मला दिल्या कशाला? म्हटलं डबी आण, वाचू. डबी घरी होती. तू वाचली होती का? तर म्हणे, चष्मा नव्हता नाना.