दोनशे डॉलरचा महापौर

अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या कार्मेल-बाय-द-सी या गावाने शंभरेक वर्षं घरांना नंबरच दिले नव्हते. पत्ता सांगायचा तर ‘अमुक रस्ता, अमुक चौकापासून दक्षिणेला तिसरं घर’. टपाल घरी यायचं नाही, लोकच पोस्टात जाऊन घेऊन यायचे. इथल्या मैत्रिणीला याचं कोण कौतुक! मी ठाण्याच्या नौपाड्यात वाढलेली. ‘गोखले रोडवरून आत वळ, गिरणीसमोर जुनी चाळ, मागचा जिना’ असा पत्ता सांगतच आमची पिढी मोठी झाली.

आम्ही राहतो शेजारच्या मॉन्टेरीत. शनिवारी लेकीला घेऊन कार्मेलच्या वाचनालयात जाते. तिथे एका पावसाळी दुपारी गावाच्या इतिहासाचं कपाट हाती लागलं आणि लेक चित्रं रंगवत असताना मी महापौर वाचत बसले. महापौर हा वाचायचा विषय असू शकतो हे मला नवीनच होतं. ठाण्यात महापौर म्हणजे कोनशिलेवरचं नाव. उद्यान असो, जलकुंभ असो की शौचालय, ‘मा. महापौर यांच्या शुभहस्ते’.

हे गाव २०२०च्या जनगणनेत ३,२२० लोकांचं. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या संकुलात याहून जास्त माणसं राहत असतील. पण १९१६ साली रीतसर नगर झालं तेव्हापासून याला स्वतःचा महापौर आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाचं भांडण एकच: गाव वाढू द्यायचं की नाही. पेरी न्यूबेरी नावाचे एक लेखक महाशय होते. त्यांनी १९२०च्या दशकात प्रचार काय केला, तर गाव गजबजलेलं, धंदेवाईक शहर व्हावं असं वाटत असेल तर मला मत देऊ नका! आणि निवडून आले. १९२९ला गावाने नियमच केला की व्यापार दुय्यम, राहती वस्ती आधी. आपल्याकडे एखाद्या उमेदवाराने ‘मी विकास करणार नाही’ असं भाषण करून पाहावं, अनामत वाचली तरी पुष्कळ.

त्याआधीच, १९२०मध्ये, ईव्हा डिसाब्ला ही बाई इथली महापौर झाली होती. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला तेच हे साल.

नियमही एकेक अजब. पाइनची झाडं तोडायची नाहीत, मग मुळांनी फुटपाथ उचलला जाणार, मग कुणी अडखळणार आणि नगरावर दावा ठोकणार. म्हणून १९६३ला ठरलं, दोन इंचाहून उंच आणि टोकदार टाचांची चप्पल घालायची तर नगरपालिकेचा परवाना घ्या. परवाना फुकट मिळतो. माझी टाच कधी एक इंचाच्या वर गेली नाही, त्यामुळे तो काढायचं राहून गेलंय.

मग आला क्लिंट ईस्टवुड. हो, तोच, सिनेमात सिगार चावत बंदूक काढणारा हॉलिवूडचा नट. त्याला गावात इमारत बांधायची होती, नगराने अडवलं, तो कोर्टात गेला. प्रकरण मिटलं पण राग मिटला नाही, आणि पठ्ठ्या निवडणुकीलाच उभा राहिला. एप्रिल १९८६ची गोष्ट. त्याला २,१६६ मतं, समोरच्या महापौरबाईंना ७९९. पगार महिना २०० डॉलर. आधीच्या मंडळींनी रस्त्यात आइस्क्रीमचा कोन खाण्यावर जी बंधनं घातली होती, ती याच्या मंडळाने उठवली. मुलांसाठी वेगळं वाचनालय व्हावं म्हणून खटपट केली. माझी लेक रंगवत बसते त्या खोल्यांमागे तो आहे. दोन वर्षं झाली आणि साहेब पुन्हा उभेच राहिले नाहीत. पुढे सू मक्लाउड बारा वर्षं महापौर होत्या. त्यांची आधीची नोकरी? सीआयए, म्हणजे अमेरिकेची गुप्तहेर संस्था. गावच्या बैठकीत त्यांच्यापुढे थाप मारायची कुणाची छाती होत असेल?

१९८६ हे साल माझ्या डोक्यात अडकलं. घरी येऊन बाबांना फोन लावला. इथली रात्र म्हणजे नौपाड्यातली सकाळ, बाबा चहा घेत होते.

“बाबा, ठाण्याचा पहिला महापौर कोण?”

“सतीश प्रधान. १९८६.” चहाचा घोटही मोडला नाही. “महापालिका ब्याऐंशीला झाली, पण निवडणूक व्हायला शहाऐंशी उजाडलं. पण अगं, प्रधानांना मी त्याआधीच मत दिलं होतं.”

१९७४ला नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला गेला होता, हे मला माहीतच नव्हतं. मतदानाचं वय तेव्हा २१, बाबांचं ते पहिलंच मत. “गडकरी रंगायतन अठ्ठ्याहत्तरला उघडलं ते त्यांच्याच काळात,” हे ठाण्यातल्या नाट्यगृहाबद्दल सांगताना बाबांचा आवाज असा, जणू विटा यांनीच वाहिल्या. म्हणजे त्याच माणसाला गावाने एकदा स्वतः बसवलं, आणि बारा वर्षांनी महापौर म्हणून नगरसेवकांनी. त्यांच्यानंतर काँग्रेसचे वसंत डावखरे, जे पुढे विधान परिषदेचे उपसभापती झाले. १९८९च्या महापौर निवडणुकीत मतं फुटली आणि नंतर एका नगरसेवकाचा खून झाला, हे सांगताना बाबांनी आवाज उगाचच खाली आणला. पस्तीस वर्षं उलटली तरी तो विषय आमच्या घरात असाच बोलला जातो.

मी बाबांना कार्मेलचं सांगितलं. दोनशे डॉलरवर ते हसले. “इथे अधिकार तरी कुठे आहेत? कारभार आयुक्तांचा, पैसा स्थायी समितीचा. महापौराने सभा चालवायची आणि पावसात मॅरेथॉनला झेंडा दाखवायचा.” कार्मेलमध्येही रोजचा कारभार नेमलेला प्रशासकीय अधिकारीच बघतो, पण तिथला महापौर लोकांच्या मताने येतो, म्हणून आइस्क्रीमसाठीसुद्धा त्यालाच धरतात. आमच्याकडे कुठल्या प्रवर्गाचा महापौर हे आधी मंत्रालयातल्या सोडतीत ठरतं. सोडत नसती तर कितीतरी बायका त्या खुर्चीपर्यंत पोचल्या नसत्या, हेही खरं. आणि मार्च २०२२ला मुदत संपल्यावर तर पुढची काही वर्षं महापौरच नव्हता, नुसता प्रशासक. “तेव्हा पाण्याची तक्रार कुणाकडे करायचात?” मी विचारलं.

“जाऊ दे गं,” बाबा म्हणाले. “तू ते कार्मेल-कार्मेल काय लावलंयस? तू राहतेस त्या गावाचा महापौर कोण?”

मॉन्टेरीचा महापौर. सहा वर्षं राहतेय मी इथे.

“बाबा, आईला द्या ना जरा फोन.”