चौथ्या भाषेला फॉर्ममधे जागा नाही

परवा ऑफिसात डबे उघडून बसलो होतो तेव्हा कुणीतरी विषय काढला की कुणाला किती भाषा अस्खलित येतात. एकजण म्हणाला तीन, एकजण म्हणाली साडेतीन, कारण जर्मनचं बी-वन झालंय आणि बी-टू चालू आहे. माझी पाळी आली तेव्हा मी मराठी, हिंदी, इंग्लिश सांगून मोकळी झाले आणि मग आपसूक तोंडातून निघालं, माझ्या बाबांना मात्र पाच येतात. लगेच प्रश्न, कुठे शिकले? मला उत्तरच देता येईना. ते कुठे शिकायला गेलेच नाहीत, मिरजेत औषधाच्या दुकानात उभे राहिले एवढंच. तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसले.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. मिशन हॉस्पिटल सुरू झालं त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली आणि तेव्हापासून पेशंट येतायत ते काही फक्त सांगली कोल्हापूरचे नाहीत, म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, म्हणजे कर्नाटकच, त्यामुळे अथणी, रायबाग, चिकोडी, जमखंडी, पार विजापूरपासून माणसं सकाळच्या गाडीनं येतात, डॉक्टरला दाखवतात आणि चिठ्ठी घेऊन आमच्यासारख्या दुकानांसमोर उभी राहतात. गोळ्या कुणीही देईल हो, पण ती कधी घ्यायची हे पेशंटला समजलं पाहिजे. बाबांचं म्हणणं असं की चुकीच्या वेळी घेतलेली गोळी म्हणजे न घेतलेलीच.

म्हणून काउंटरवर काय चालतं बघा. एक आजोबा आले, बाबा त्यांना म्हणतात, जेवण झाल्यावर एक एक. त्यांच्या मागे अथणीची बाई, तिला, ऊटा आद म्याल, ओंदोंद. तिच्या शेजारी दर्ग्याच्या गल्लीतला कुणी असला तर, खाना हुए बाद एकेक गोली लेव, खाली पेट नक्को लेव. (ते नक्को आपल्याच नको वरून गेलेलं, दख्खनीत म्हणजे इकडच्या मुसलमानांच्या उर्दूत मस्त रुळलंय.) मग एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, येऊन उभा असतो, त्याच्याशी हिंदी आणि मधेमधे इंग्लिश. हे सगळं दहा मिनिटांत, आणि बाबांच्या चेहऱ्यावर कुठेही गिअर बदलल्याचं दिसत नाही. मी लहानपणी स्टुलावर बसून बघायचे तेव्हा मला वाटायचं ही एकच भाषा आहे, फक्त समोरच्या माणसाप्रमाणे तिचा आवाज बदलतो.

एक गोष्ट मात्र कधीच बदलत नाही. बिल करताना बाबा पुटपुटतात ते मराठीत. समोर कानडी बाई असू दे नाहीतर हिंदीवाला एमआर, सत्तेचाळीस आणि अडतीस, पंच्याऐंशी, हे ओठातल्या ओठात मराठीच. मराठी शाळेत गुरुजींनी पाढे पाठ करून घेतले तेव्हापासून आकडे त्या भाषेत जाऊन बसले ते कायमचे. आणि रागावले की कानडी. आईवर नाही, आमच्यावर नाही, पण शटर अडकलं किंवा फ्रीज बंद पडला की जे काही निघतं ते शुद्ध अज्जीची कानडी.

आता प्रश्न येतो की याला पाच भाषा येतात असं म्हणायचं का. कानडी ही त्यांच्या आईची भाषा, आमच्याकडे जैनांच्या बऱ्याच घरांत तीच, पण बाबांना कानडीचं अक्षरही वाचता येत नाही, बसवरची पाटी कुणाला तरी विचारावी लागते. इंग्लिश उलटं, डी.फार्मची पुस्तकं, खोक्यांवरची बारीक अक्षरं, सगळं भराभर वाचतात, पण कुणी म्हणालं की या भाषेत भांडा किंवा कुणाचं सांत्वन करा, तर नाही जमणार. दख्खनी गल्लीतल्या पोरांबरोबर खेळून आलेली, ती बाबांनी कागदावर कधी लिहिलीच नाही. परीक्षा घेतली तर कुठल्या भाषेत पास होतील आणि कुठल्यात नापास, सांगता येत नाही. पण अथणीच्या त्या बाईला गोळी कधी घ्यायची ते कळलं ना, शंका तिनं विचारली ना आणि तिचं समाधान झालं ना. मी तरी याला अस्खलित म्हणेन.

मी मग बहुभाषिक म्हणून जी नावं सांगितली जातात ती वाचत बसले. इटलीतल्या बोलोन्याचे कार्डिनल, म्हणजे मोठे ख्रिस्ती धर्मगुरू, मेझोफांती, १७७४ ते १८४९, त्यांना तीस-चाळीस भाषा यायच्या असं सांगतात आणि गंमत म्हणजे ते इटलीबाहेर कधी गेलेच नाहीत, परदेशी माणसंच त्यांच्याकडे यायची, कोणी पापांची कबुली द्यायला, कोणी नुसतं भेटायला. हे वाचताना मला आमचा काउंटर आठवला. दुसरे जर्मनीचे एमिल क्रेब्स, पेकिंगच्या वकिलातीत दुभाषे होते, त्यांच्या नावावर साठच्या वर भाषा सांगतात, १९३० मधे गेले तेव्हा त्यांचा मेंदूसुद्धा जपून ठेवला आणि पुढे शास्त्रज्ञांनी तो तपासला. आपल्याकडे नरसिंह राव. कितीतरी भाषा यायच्या त्यांना, रामटेकमधून खासदार झाले, मराठी तर इतकी मुरलेली की हरिभाऊ आपट्यांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. कादंबरी भाषांतरित करायची म्हणजे बायका माजघरात काय आणि कशा बोलतात तेही कळावं लागतं, तिथे नुसतं व्याकरण पुरत नाही.

पण मला खरी आवडली ती हंगेरीची लोंब काटो. रसायनशास्त्र शिकलेली बाई, भाषा बऱ्याचशा स्वतःच पुस्तकं वाचून शिकली आणि जगभर दुभाषी म्हणून हिंडली. सोळा भाषांमधे तिनं काम केलं. पण ती स्वतः सोळा सोळा करत बसली नाही, तिनं सरळ हिशोब सांगितला. हंगेरियन मातृभाषा, आणि तिच्याबरोबर रशियन, इंग्लिश, फ्रेंच, जर्मन या कायम जाग्या, एकीतून दुसरीत कधीही जाता येईल अशा. मग इटालियन, स्पॅनिश, जपानी, चिनी, पोलिश या पाचांना कामाआधी अर्धा दिवस तरी उजळणी लागायची. उरलेल्या सहा फक्त लेखी भाषांतरापुरत्या. म्हणजे सोळा भाषा येणाऱ्या बाईच्या सतत जाग्या भाषा किती, तर पाच. बाबांच्याही पाचच. मी हे वाचून खुर्चीतून उठले आणि बाबांना फोन लावला, ते म्हणाले गर्दी आहे नंतर कर.

आमच्या भागाबद्दल अजून एक सांगायलाच हवं. सांगली मिरजेच्या मधलं कुपवाड, आता महानगरपालिकेत आहे, पण साठच्या दशकात खेडं होतं. तिथे जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी लोक कसं बोलतात याचा अभ्यास केला आणि १९७१ मधे तो छापून आला, आज जगभर भाषाशास्त्र शिकणाऱ्यांना कुपवाड हे नाव माहीत असतं आणि कुपवाडमधे फार कुणाला हे माहीत नसतं. त्यांना दिसलं ते असं की जैनांची कानडी, मुसलमानांची उर्दू आणि मराठी या शेकडो वर्षं एकमेकींच्या शेजारी राहून इतक्या जवळ आल्यात की शब्द वेगळे पण वाक्याची घडण एकच. पाला जरा कापून घेऊन आलो. पाला जरा काट के ले के आया. शब्दाखाली शब्द ठेवा, बरोब्बर बसतो, आणि तिथल्या कानडीतही वाक्य ह्याच क्रमानं जातं. एका भाषेतून दुसरीत जाताना वाक्य मोडून पुन्हा बांधावंच लागत नाही, फक्त शब्द बदलायचे. म्हणजे लहानपणी स्टुलावर बसून मला जे वाटायचं ते अगदीच चूक नव्हतं तर! आणि विशेष म्हणजे एवढी जवळ येऊनही कुणी आपली भाषा टाकली नाही, घरात प्रत्येकानं आपापलीच ठेवली.

२०११ ला जनगणनेवाल्या बाई घरी आल्या होत्या ते मला नीट आठवतं, तेव्हा अज्जी होती. मातृभाषा कोणती, तर कानडी. अजून कुठल्या येतात, तर बाबांनी भराभर सांगायला सुरुवात केली आणि बाई म्हणाल्या, दोनच सांगा, दोनच लिहायच्यात. फॉर्मच तसा आहे, मातृभाषा आणि तिच्याशिवाय जास्तीत जास्त दोन. बाबांनी मराठी आणि हिंदी सांगितलं. दख्खनी गेली, इंग्लिश गेली. त्या जनगणनेत देशात शेकडा २६ जणांना दुसरी भाषा येते आणि ७ जणांना तिसरीही येते असं निघालं. हे आकडे कुठे वाचले की मला आमच्या हॉलमधला तो फॉर्म आठवतो. चौथी विचारलीच नाही तर मोजणार कुठून. सीमेवरच्या गावांत, बाजारात, स्टेशनवर, दवाखान्यात चार-चार भाषा रोज वापरणारी किती माणसं आहेत हे आपण कुठेच लिहून ठेवलेलं नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

त्याहून जास्त वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. अज्जी माझ्याशी आयुष्यभर कानडीत बोलली आणि मी आयुष्यभर तिला मराठीत उत्तर दिलं. मला सगळं कळायचं. ती चिडायची नाही, पुढचं वाक्य परत कानडीत. शाळेत कानडी बोललं की पोरं हसायची म्हणून मी तोंड मिटलं ते मिटलंच. २०१६ मधे ती गेली तेव्हा मला कळलं की घरात माझ्याशी त्या भाषेत बोलणारं आता कुणी उरलं नाही, कारण बाबा आमच्याशी मराठीतच बोलतात.

गेल्या वर्षीपासून मी बाबांना सांगितलंय, रविवारचा फोन कानडीत. पहिले दोन महिने वाक्य अर्ध्यात तुटायचं आणि मी मराठीत घसरायचे, बाबा तिकडून शांतपणे तोच शब्द कानडीत म्हणायचे आणि थांबायचे. आता दहा मिनिटं जातात.

दिवाळीत घरी गेले होते तेव्हा बाबा आत माल लावत होते आणि मी काउंटरवर होते. रायबागकडची एक म्हातारी आली, चिठ्ठी पुढे केली. मी गोळ्या काढल्या, पट्टी हातात धरली आणि म्हणाले, ऊटा आद म्याल, ओंदोंद. बाबा आत थांबले हे मला खोक्यांच्या आवाजावरून कळलं. म्हातारीनं गोळ्या पिशवीत टाकल्या, चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, यार मगळवा नी? म्हणजे कुणाची गं तू मुलगी.

मी आत बोट दाखवून म्हणाले, इवर मगळ. यांची.