तुम्ही विचारलंत म्हणून: पाठ न करता भाषण कसं करायचं?

‘हातात कागद नाही, पाठांतरही नाही, मग बोलता कसं? मध्येच विसरलं तर?’ भाषण झालं की हा प्रश्न हमखास येतो.

खरं तर विसरण्याचा धोका पाठ केलेल्या भाषणातच जास्त. तिथे प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचं बोट धरून येतं. एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. म्हणून शब्द नव्हे, क्रम डोक्यात ठेवायचा. कीर्तनकार पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, एक अभंग घेतात आणि चरणाचरणाने निरूपण करत पुढे जातात. अभंग तेवढा पाठ. निरूपण त्या दिवशीचं, समोरच्या श्रोत्यांसाठीचं.

दहा मिनिटांना तीन मुद्दे पुरतात. समजा, 3 जानेवारीला शाळेत सावित्रीबाई फुले यांच्यावर बोलायचंय. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर, ठळक अक्षरात, एवढंच: ‘1848, भिडे वाडा. शेण, दुसरं लुगडं. 1897, प्लेग, पाठीवर मूल.’ सालं आणि नावं लिहायचीच, ऐन वेळी तीच दगा देतात. पूर्ण वाक्य मात्र लिहायचं नाही. नजर त्यात अडकली की बोलणं थांबतं आणि वाचन सुरू होतं.

खरी मेहनत सांध्यांवर घ्यायची. शेणाच्या माऱ्यावरून प्लेगवर यायचं कसं? ‘तेव्हा त्या शेणाला घाबरल्या नाहीत, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी प्लेगलाही नाहीत.’ असं वाक्य आधीच ठरवून ठेवायचं. वक्ते अडखळतात ते बहुतेक वेळा मुद्दा संपल्यावर, पुढचा सुरू होण्याआधी. त्यामुळे सांध्यांची वाक्यं, पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य, एवढंच पाठ हवं.

सराव उभं राहून, मोठ्याने. चार-पाच वेळा, आणि दर वेळी शब्द बदलले तरी बदलू द्यायचे. मुद्दा आपलासा झाल्याची ती खूण आहे. मनातल्या मनात केलेला सराव फसवा असतो, तिथे जीभ अडखळत नाही आणि वेळेचा अंदाजही येत नाही. फोनवर रेकॉर्ड करा. एकदा तरी थेट तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करा, नाहीतर सुरुवातच तेवढी घोटली जाते आणि शेवट कच्चा राहतो.

मान्यवरांची नावं आयोजकांकडून आधी घेऊन कार्डाच्या मागे लिहा. चुकलेलं आडनाव सभा विसरत नाही.

आणि तरीही अडलंच तर? थांबा, आत्ताचंच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा, कार्ड उघडपणे बघा. दोन-तीन सेकंदांची शांतता फक्त वक्त्यालाच मोठी वाटते.

आधीचे वक्ते लांबले आणि दहाची पाच मिनिटं उरली, तर वेग वाढवू नका. मधला मुद्दा सरळ गाळा. तो गाळल्यावर पहिल्यावरून तिसऱ्यावर कसं यायचं, तो सांधाही घरूनच तयार करून न्या.