विषय क्रमांक नऊ: स्मशानभूमीसाठी जळाऊ लाकूड

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका वाचण्याची सवय मला बऱ्याच वर्षांपासून आहे. मी राहतो ठाण्यात, नौपाड्यात; परंतु माझी सासुरवाडी याच जिल्ह्यातील एका छोट्या नगरपरिषदेच्या शहरात आहे आणि तेथील जुन्या घराची घरपट्टी-पाणीपट्टी भरण्याच्या निमित्ताने माझे तेथे जाणे-येणे असते. नगरपरिषदेच्या सूचना फलकावर टाचणीने लावलेली विषयपत्रिका मी उभ्या उभ्या वाचून काढतो, याचे आमच्या मेहुण्यांना हसू येते. त्यांचे म्हणणे असे की, जे व्हायचे ते सभेच्या आधीच ठरलेले असते. ते पुष्कळ अंशी खरे आहे, पण पूर्ण खरे नाही.

विषयपत्रिकेचा पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यानंतर येणारे विषय कोणत्याही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येण्यासारखे नसतात. डासप्रतिबंधक फवारणीसाठी औषध खरेदी, दिवाबत्तीच्या साहित्याचे वार्षिक दर, आठवडे बाजाराच्या फीवसुलीचा ठेका, मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण, सेवानिवृत्त सफाई कामगाराच्या रजेचे रोखीकरण, एखाद्या वारसाची अनुकंपा नियुक्ती. प्रत्येक विषयासोबत संबंधित विभागाचा गोषवारा जोडलेला असतो. काम काय, अंदाजित खर्च किती, तो कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातील कोणत्या सदरातून, होणार आणि त्या शीर्षात तरतूद शिल्लक आहे का, हे सारे त्यात असते. माझ्या मते विषयपत्रिकेत वाचण्यासारखी गोष्ट हीच, कारण विषयाचे शीर्षक सारे सांगून टाकते असे वाटले तरी खरी मेख बहुधा गोषवाऱ्याच्या शेवटच्या दोन ओळींत असते.

अशाच एका सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर बसलो होतो. या सभा नागरिकांना खुल्या असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते आणि त्याहून थोड्यांना तेथे जाऊन बसावेसे वाटते. एका चौकाला कोणाचे नाव द्यावे यावर तासभर आवाज चढले होते, दोन्ही बाजूंनी सभात्यागाची भाषा झाली होती. त्यानंतरचे विषय मात्र ‘मंजूर, मंजूर’ या गजरात लोकलच्या वेगाने पुढे सरकू लागले. नववा विषय होता स्मशानभूमीसाठी जळाऊ लाकूड पुरवठ्याच्या वार्षिक दरांना मान्यता देण्याचा. सूचकाचे नाव पुकारले गेले, अनुमोदकाचे पुकारले जाणार, इतक्यात मागच्या रांगेतील एक नगरसेविका उठून उभ्या राहिल्या.

“मॅडम, दर किलोवर आहे ना? मग पावसाळ्यात ओलं लाकूड आलं तर वजन कोण धरणार?”

सभागृहात थोडे हसू पिकले. नगराध्यक्षांनी आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्याकडे पाहिले, अधिकाऱ्याने मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिले. बाईंनी तोपर्यंत मुद्दा सोडला नव्हता. एका अंत्यविधीला साधारण ३०० किलो लाकूड लागते. आषाढ-श्रावणात भिजलेले लाकूड आले, तर त्यातील पाण्याचेही पैसे नगरपरिषद मोजते, शिवाय चिता नीट पेटत नाही आणि घरच्यांना रॉकेल-डिझेलसाठी धावाधाव करावी लागते, असे त्यांनी सरळ शब्दांत सांगितले. लाकूड उतरवताना स्मशानात वजनकाटा असतो का, हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. काटा नव्हता. पुरवठादाराच्या पावतीवर जे वजन लिहिलेले असेल, तेच देयकात धरले जात असे. अखेर लाकूड सुके असावे, ते छपराखाली रचून ठेवावे आणि प्रत्येक खेपेचे वजन नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यासमक्ष व्हावे, या तीन अटी घालून विषय मंजूर झाला. सगळे मिळून चार-पाच मिनिटांचे काम. चौकाच्या नावाचे काय झाले, ते मला आता आठवतही नाही.

पुढच्या सभेत कायम झालेल्या इतिवृत्तात या विषयापुढे ‘सविस्तर चर्चेअंती अटींसह सर्वानुमते मंजूर’ एवढेच होते. बाईंनी काय विचारले, कोणी काय उत्तर दिले, काटा नसल्याची कबुली कशी बाहेर आली, यांपैकी काहीही नाही. मुरलेले सदस्य म्हणूनच बोलता बोलता मध्येच थांबून “माझ्या बोलण्याची इतिवृत्तात नोंद घ्या” असे सभालिपिकाकडे पाहून बजावतात. नवख्यांना ते नाटकी वाटते, परंतु पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला किंवा प्रकरण न्यायालयात गेले, तर कागदावर असलेले तेवढेच सभागृहात घडले असे धरले जाते. तरीही त्या तीन अटी ठरावात उतरल्या, तेथून निविदेत गेल्या, आणि माझ्या लेखी त्या सभेचे फलित तेवढेच होते.

विषयपत्रिकेत जे छापलेले नसते, त्याकडेही लक्ष ठेवावे लागते. सभा संपत आली, निम्मे सदस्य चहाला बाहेर गेले, की ‘ऐनवेळचे विषय’ मांडले जातात. त्यांना गोषवारा नसतो, आधी वाचायला मिळण्याचा प्रश्नच नाही. तातडीची निकड खरोखर असू शकते. जलवाहिनी फुटली, तर विषयपत्रिकेची वाट पाहता येत नाही. मात्र भूखंडाचा भाडेपट्टा किंवा ठेक्याची मुदतवाढ एका रात्रीत तातडीची कशी होते, हे मला कधी उमगलेले नाही. अशा ठरावांवर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात एक उपाय आहे. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध असेल, तर त्याची अंमलबजावणी जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली थांबवू शकतात. सभागृहात विरोधकांचा आवाज पुरा पडला नाही, की “हा ठराव ३०८ ला जाणार” ही धमकी म्हणूनच ऐकू येते.

ठाण्याचे गणित मोठे, पण रीत हीच. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या ठाणे नगरपालिकेची १ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका झाली. मुख्याधिकाऱ्यांच्या जागी आयुक्त आले आणि सर्वसाधारण सभेला लोक महासभा म्हणू लागले. कचराळी तलावाशेजारच्या महापालिका भवनातील नरेंद्र बल्लाळ सभागृहात ती भरत आली आहे. महासभा दर महिन्याच्या २० तारखेच्या आत घ्यावी, असा महापालिका अधिनियमाचा दंडक आहे. येथे ३०८ ची जागा कलम ४५१ घेते. त्याखाली राज्य शासन महासभेचा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. पुढील वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपूर्वी निश्चित करावे लागतात, त्यामुळे त्या सुमारास ‘कोणतीही करवाढ नाही’ अशी बातमी बहुतेक वर्षी ठरलेली. उत्पन्न मग कोठून वाढवणार, हा प्रश्न त्या बातमीत नसतो.

मध्यंतरी हे सारे बंद होते. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली. प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांवरील न्यायालयीन वादांत निवडणुका लांबल्या आणि राज्यातील बहुतेक नगरपरिषदांप्रमाणे येथेही निवडून आलेल्या सदस्यांच्या जागी कारभार पाहणारे अधिकारी, म्हणजे प्रशासक, आले. कामे थांबली असे नाही. कचरा उचलला जात होता, दिवे लागत होते, निविदा निघत होत्या. काही कामे तर अधिक वेगाने झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रस्ताव मांडणारे आणि त्याला मान्यता देणारे अधिकारी एकच असल्यावर, ओल्या लाकडाचे वजन कोण धरणार, हे विचारायला मागच्या रांगेत कोणी उरत नाही. ज्या नगरसेवकांना आपण एरवी नावे ठेवतो, त्यांचा हा एक उपयोग मला त्या काळात पुरेपूर कळला. अर्थात, असे प्रश्न विचारणारे सदस्य सभागृहात नेहमीच थोडे असतात, हेही तितकेच खरे.

त्या दिवसांत मी माहिती अधिकाराचा आधार घेतला. अर्जाला दहा रुपये आणि छायाप्रतीच्या प्रत्येक पानाला दोन रुपये एवढाच खर्च येतो. प्रशासकांचे ठराव मागितले, तेव्हा खिडकीवरील लिपिकाने “काका, ठेकेदार आहात का?” असे विचारले. नाही म्हटल्यावर तो अधिकच बुचकळ्यात पडला. ठराव मिळाले. त्यांतील भाषा सभागृहातील ठरावांसारखीच होती, फक्त सूचक-अनुमोदकांची नावे नव्हती.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि सूचना फलकावर पुन्हा विषयपत्रिका लागण्याची सोय झाली. मला उत्सुकता आहे ती पावसाळापूर्व नालेसफाईच्या विषयाची. काढलेला गाळ नाल्याच्या काठावरच ढीग करून ठेवला, तर जूनच्या पहिल्या जोरदार सरीत तो पुन्हा नाल्यात जातो आणि त्याच गाळासाठी पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मोजावे लागतात. म्हणून गाळ किती दिवसांत उचलायचा, कोठे टाकायचा आणि त्या गाड्यांचे वजन कोठे करायचे, हे गोषवाऱ्यात लिहिलेले असले पाहिजे. सासुरवाडीच्या नगरपरिषदेच्या मागील गोषवाऱ्यात नाल्यांची लांबी मीटरमध्ये अचूक दिलेली होती, गाळाचा मात्र उल्लेखच नव्हता. त्या प्रभागाचे नवे नगरसेवक मेहुण्यांच्या ओळखीचे निघाले आहेत. मागील गोषवाऱ्याची छायाप्रत मी त्यांच्या हाती देऊन ठेवली आहे.